व्हिसाची मुदत उलटली, जोडीदार अमेरिकन नागरिक: ग्रीन कार्डचा उशिराचा अर्ज कसा करायचा

मुलाचा किंवा मुलीचा अमेरिकेतला मुक्काम मुदतीच्या पुढे गेला, की मुंबईतून फोनवर हमखास सल्ला जातो: "एकदा परत ये, बीकेसीला जाऊन नवा स्टँप घे आणि रीतसर जा." सल्ला मायेचा असतो, पण याच्याइतका घातक सल्ला दुसरा नाही. अमेरिकन नागरिकाशी खरंखुरं लग्न झालं असेल आणि देशात प्रवेश रीतसर झाला असेल, तर मुदत उलटल्यावरही तिथेच राहून ग्रीन कार्डसाठी अर्ज करता येतो. अर्ज एका वर्षाने केला की बारा वर्षांनी, यावर या गटासाठी काही अडत नाही. अडतं ते देश सोडल्यावर.

१ एप्रिल १९९७ पासून लागू असलेला नियम असा: बेकायदा मुक्काम १८० दिवसांपेक्षा जास्त पण वर्षापेक्षा कमी झाला आणि माणूस बाहेर पडला, तर तीन वर्षं प्रवेशबंदी. वर्ष किंवा त्याहून जास्त झाला, तर दहा वर्षं. ही बंदी तिथे बसून राहिल्याने लागत नाही, विमान सुटल्यावर लागते. म्हणजे जो माणूस न्यू जर्सीत बसून अर्ज करू शकला असता, तोच मुंबईला उतरल्यावर बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत दहा वर्षांसाठी अपात्र ठरतो. बंदीतून माफी मागता येते, पण त्यासाठी नागरिक जोडीदाराला विलक्षण हाल सोसावे लागतील हे सिद्ध करावं लागतं. नुसता विरह त्यासाठी पुरत नाही. म्हणून घरात लग्न असो की कुणाचं आजारपण, अर्जाचा निकाल लागेपर्यंत बाहेर पडायचं नाही. हे मुंबईतल्या घरच्यांनीही समजून घ्यायला हवं, कारण "ये" म्हणणारे तेच असतात.

आधी तारीख नीट बघा

पासपोर्टात चिकटवलेल्या व्हिसावरची तारीख आणि राहण्याची मुदत या वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिसावरची तारीख विमानतळाच्या दारापर्यंत लागू. आत किती दिवस राहायचं हे आय-९४ या नोंदीवर ठरतं. ही नोंद अमेरिकन सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर पासपोर्ट क्रमांक टाकून फुकट काढता येते. दहा वर्षांचा टुरिस्ट व्हिसा २०३० पर्यंत चालू दिसत असला, तरी आय-९४ वर सहा महिन्यांचीच मुदत असते. उलटही होतं: व्हिसा संपलाय म्हणून हवालदिल झालेल्या माणसाची आय-९४ अजून चालू असते आणि तो वेळेतच असतो.

विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांच्या आय-९४ वर तारखेऐवजी 'डी/एस' असतं, म्हणजे शिक्षण चालू असेपर्यंतची मुदत. कॉलेज सुटलं की कायदेशीर मुक्कामाचा दर्जा जातो, पण बंदीसाठीचे दिवस आपोआप मोजायला लागत नाहीत. अधिकाऱ्याने किंवा इमिग्रेशन न्यायाधीशाने तसा निर्णय दिल्यावर मोजणी सुरू होते. तारीख असलेल्या एच-१बी (नोकरी), एच-४ (त्यांचं कुटुंब) किंवा टुरिस्टवाल्यांना ही सवलत नाही.

विमानप्रवाशांची आय-९४ २०१३ पासून संगणकावर गेली. त्याआधी पासपोर्टात पांढरं कार्ड टोचून देत. ते हरवलं असेल तर प्रवेशाचा शिक्का असलेलं पान आणि व्हिसाचं पान हाच आधार. पासपोर्ट नवा केला असेल, तर कोपरा कापलेला जुना पासपोर्ट कित्येकदा मुंबईच्या घरी कपाटात पडलेला असतो. तो शोधा, सगळी पानं स्कॅन करून पाठवा, कोरीसुद्धा. मूळ प्रत मुलाखतीला लागेल, तेव्हा ती भरवशाच्या कुरियरने किंवा जाणाऱ्या माणसाच्या हातीच पाठवा. पासपोर्टची मुदत संपली असली तरी अर्ज अडत नाही. अडतो तो रीतसर प्रवेशाचा पुरावा नसला तर.

रस्ता कोणाला खुला, कोणाला बंद

सगळी माफी नागरिकाच्या जोडीदारासाठी आहे. मुदतीबाहेरचा मुक्काम आणि परवान्याशिवाय केलेलं काम, दोन्ही यात माफ होतं. जोडीदार ग्रीन कार्डधारक असेल तर यातलं काहीच माफ नाही. अशा जोडप्याने वाट बघायची ती जोडीदार नागरिक होण्याची. ग्रीन कार्डला पाच वर्षं झाली की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, पाच वर्षं पूर्ण व्हायच्या ९० दिवस आधीही तो टाकता येतो. शपथविधी झाला की आधी दाखल केलेली आय-१३०, म्हणजे जोडीदारासाठीची याचिका, आपोआप नागरिकाच्या जोडीदाराच्या गटात जाते.

दुसरी अट रीतसर प्रवेशाची. अधिकाऱ्यासमोरून, तपासणी होऊन आत आलेला माणूसच इथे बसतो. चोरवाटेने सीमा ओलांडली असेल तर लग्नानेही हा रस्ता उघडत नाही, अगदी मोजके जुने अपवाद सोडले तर.

तिसरी गोष्ट मुंबई-कोकणातल्या घरांनी विशेष लक्षात घ्यावी. मर्चंट नेव्हीत किंवा क्रूझवर काम करणारा मुलगा सी-१/डी व्हिसावर जहाजावरून उतरला आणि तिथेच राहिला, पुढे अमेरिकन मुलीशी लग्न केलं, तरी खलाशी म्हणून प्रवेश झालेल्या माणसाला देशात राहून दर्जा बदलता येत नाही. नागरिकाचा नवरा असला तरी नाही. अशा माणसाने फॉर्म भरून फी घालवू नये. आधी वकील गाठावा.

के-१ म्हणजे वाग्दत्त व्हिसावर गेलेल्यांनी ९० दिवसांत त्याच व्यक्तीशी लग्न करायचं असतं. लग्न ९० दिवसांनंतर झालं तर आय-१३० याचिका नव्याने लावून मार्ग निघतो. दुसऱ्याच कुणाशी लग्न केलं तर देशात राहून निघत नाही. जे-१ या आदानप्रदान व्हिसावर गेलेल्या डॉक्टरांनी आणि संशोधकांनी व्हिसाच्या खालची ओळ वाचावी. दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागू असेल, तर तिची माफी आल्याशिवाय ग्रीन कार्ड मंजूर होत नाही.

आणि एक चूक, जिला लग्नाचाही उतारा नाही: आपण अमेरिकन नागरिक आहोत असं कुठेही सांगणं. नोकरीला लागताना आय-९ फॉर्म भरतात, त्यात 'नागरिक' या चौकोनात खूण केली, किंवा ड्रायव्हिंग लायसन्स काढताना विचारल्यावर मतदार नोंदणीला हो म्हटलं, की कायमची अपात्रता ओढवू शकते. अशी शंका असेल, पूर्वी कधी पोलिसांनी धरलं असेल, किंवा इमिग्रेशन कोर्टाची नोटीस आली असेल आणि तारखेला हजर राहिला नसाल, तर अर्ज स्वतः टाकू नका. गैरहजेरीत निघालेला हद्दपारीचा हुकूम असला, तर तो आधी त्या कोर्टातून रद्द करून घ्यावा लागतो.

मुंबईतून लागणारे कागद

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून सुरुवात इथूनच करावी.

पहिला जन्मदाखला. तो राहत्या घराच्या वॉर्डात मिळत नाही, ज्या हद्दीत जन्म झाला तिथे मिळतो. कुटुंब गोरेगावचं असलं आणि बाळंतपण परळच्या केईएममध्ये झालं असलं, तर नोंद एफ दक्षिण विभागात. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातला जन्म असेल तर एफ उत्तरमध्ये. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या वेगळ्या महापालिका, त्यांच्या नोंदी मुंबईला नाहीत. आणि पहिलं बाळंतपण माहेरी या रिवाजामुळे मुंबईकराची नोंद चिपळूणच्या नगरपरिषदेत नाहीतर साताऱ्याच्या एखाद्या ग्रामपंचायतीत निघते. वॉर्डात चार खेपा घालण्याआधी आईला विचारा की प्रसूती नेमकी कुठे झाली.

नोंद शोधताना मुलाचं नाव सांगून उपयोग होत नाही, कारण बारशाच्या आधी नोंद झालेली असते आणि रजिस्टरमध्ये नावाचा रकाना रिकामा असतो. जन्मतारीख, रुग्णालयाचं नाव, वडिलांचं पूर्ण नाव आणि आईचं नाव द्या. आईचं नाव माहेरच्या आडनावाने लागलंय का तेही बघायला सांगा. दाखला हातात आला की खिडकीवरच वाचा. 'नाव' या रकान्यात काही आहे का? वडिलांच्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळतंय का? आईचं माहेरचं नाव इथे आणि सासरचं पासपोर्टात, असं झालंय का?

नाव कोरं असेल तर ते त्याच कार्यालयात लावून घेता येतं. कायद्याने त्यासाठी नोंदणीपासून पंधरा वर्षांची मुदत आहे, आणि जुन्या नोंदींसाठी सरकारने मधून मधून सवलत दिलेली आहे, तेव्हा खिडकीवर विचारा. नावच नसलेला दाखला यूएससीआयएसला, म्हणजे अर्ज तपासणाऱ्या अमेरिकन इमिग्रेशन खात्याला, पुरेसा वाटत नाही आणि जादा पुरावा मागणारं पत्र येतं. नोंदच सापडली नाही तर 'नोंद आढळत नाही' असा दाखला घ्या आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र आणि दोन प्रतिज्ञापत्रं जोडा. आज नव्याने उशिराची नोंदणी करून आणलेला दाखला चालत नाही असं नाही, पण चाळीस वर्षांपूर्वीच्या जन्माची नोंद गेल्या महिन्यातली दिसली की अधिकारी विचारणारच. त्यासोबतही हेच जुने कागद लावावेत.

प्रतिज्ञापत्र देणारा माणूस जन्माच्या वेळी समजत्या वयाचा आणि गोष्ट स्वतः माहीत असलेला हवा: आई, वडील, मावशी, आत्या, काका. नोटरीकडे तयार मसुदा असतो, "वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे" एवढ्यावर तो भागवतो. तो पुरत नाही. मजकूर साधारण असा हवा:

"मी, अमुक, जन्मतारीख अमुक, जन्मस्थळ अमुक, सध्या राहणार दादर, मुंबई, अमुक हिची सख्खी मावशी आहे. तिचा जन्म अमुक तारखेला अमुक रुग्णालयात झाला. तिच्या आईचं नाव अमुक, वडिलांचं अमुक. बाळंतपणासाठी माझी बहीण आमच्याकडे आली होती, त्या रात्री तिला रुग्णालयात मीच घेऊन गेले होते आणि बाळाला पहिल्याच दिवशी पाहिलं होतं."

शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. कसं माहीत आहे, हे त्यात येतं. मसुदा इंग्रजीत केला तर भाषांतर वाचतं, पण मावशीला इंग्रजी येत नसेल तर मराठीतच करा आणि भाषांतर जोडा. आपल्याला न कळणाऱ्या कागदावर कुणाचीही सही घेऊ नये.

भाषांतर शपथबद्ध अनुवादकानेच करावं असा नियम नाही. दोन्ही भाषा नीट जाणणारा कुणीही करू शकतो. खाली "मला मराठी आणि इंग्रजी दोन्ही उत्तम येतात, हे भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे" असं इंग्रजीत लिहून नाव, पत्ता, सही आणि तारीख टाकायची. अर्जदाराने स्वतः किंवा जोडीदाराने करणं टाळावं. पालिकेचे दाखले द्विभाषिक असतात म्हणून लोक भाषांतर सोडून देतात, पण हाताने लिहिलेला शेरा, गोल शिक्क्यातली अक्षरं, मागच्या पानावरची दुरुस्तीची नोंद हे मराठीतच असतं. तेही भाषांतरात यायला हवं, नाहीतर भाषांतर पूर्ण धरत नाहीत.

नावांच्या बाबतीत आपल्याकडे गुंता ठरलेला. शाळेच्या दाखल्यात नाव, वडिलांचं नाव, आडनाव. लग्नानंतर मधलं नाव नवऱ्याचं. कुठे पहिलं नावच बदललेलं. अर्जात 'पूर्वी वापरलेली इतर नावं' असा रकाना असतो, तिथे कोणत्याही कागदावर आलेलं प्रत्येक रूप लिहा. राजपत्रात नावबदल छापला असेल तर त्याची प्रत लावा, नसेल तर 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र पुरतं. दाखल्यावर बॉम्बे आणि पासपोर्टात मुंबई असेल तर काही करावं लागत नाही.

आता लग्न. अमेरिकेत काउंटी (जिल्हा) कार्यालयात झालं असेल तर तिथली प्रमाणित प्रत काढा. समारंभानंतर हातात देतात ते शोभेचं प्रमाणपत्र नव्हे. मुंबईत झालं असेल तर महापालिकेच्या विवाह निबंधकाचं प्रमाणपत्र लागतं. भटजींची पावती, हॉलचं पत्र, लग्नपत्रिका हे जोडपुरावे. लग्न नोंदवलंच नसेल तर अडचण आहे, कारण नोंदणीला दोघांनी तीन साक्षीदारांसह हजर राहावं लागतं, आणि मुदत उलटलेल्या माणसाने तर यायचं नाहीये. अमेरिकेत पुन्हा नागरी पद्धतीने लग्न करायचं का, हे त्या काउंटीचे नियम बघून वकिलाला विचारून ठरवा. दोन समारंभ झाले असतील तर अर्जात दोन्ही सांगा.

पहिलं लग्न मोडलेलं असेल, दोघांपैकी कुणाचंही, तर न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत हवी. मुंबईतल्या प्रकरणांसाठी ती वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयातून मिळते. स्टँप पेपरवर दोघांच्या सह्या घेऊन, नोटरीचा शिक्का मारून केलेली सोडचिठ्ठी ही हिंदू विवाहाला फारकत नाही, जातीत तशी सिद्ध रूढी असल्याशिवाय. पहिलं लग्न कायद्याने उभंच असलं तर दुसरं लग्न शून्य, आणि शून्य लग्नावर केलेला अर्ज फेटाळला जाणार. आधी रीतसर घटस्फोट, मग पुन्हा लग्न, मग अर्ज. वर्ष जाईल, पण दुसरा मार्ग नाही.

दोन गोष्टींवर पैसे घालवू नका. एक, अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का: यूएससीआयएस ते मागत नाही, मुंबईतले एजंट मात्र प्रत्येक कागदामागे घेतात. दुसरं, पोलिस क्लिअरन्स: ते वकिलातीतून व्हिसा घेणाऱ्यांना लागतं. देशात राहून अर्ज करणाऱ्याची तपासणी बोटांच्या ठशांवरून होते.

अमेरिकेतला गठ्ठा

नागरिक जोडीदाराची आय-१३० याचिका आणि तिला जोडून आय-१३०ए, अर्जदाराचा आय-४८५, आर्थिक हमीचा आय-८६४, वैद्यकीय तपासणीचा आय-६९३, आणि कामाच्या परवान्यासाठी आय-७६५. हे सगळं एकत्र पाठवता येतं आणि एकत्रच पाठवावं. एप्रिल २०२४ पासूनची फी: आय-१३० कागदावर ६७५ डॉलर, ऑनलाइन ६२५, आय-४८५ ला १,४४०, सोबत कामाचा परवाना २६०. प्रवास परवान्याचा आय-१३१ आणखी ६३०. पाठवायच्या दिवशी फी आणि फॉर्मची आवृत्ती पुन्हा तपासा. पानाच्या तळाशी आवृत्तीची तारीख असते, जुनी आवृत्ती असेल किंवा दोन आवृत्त्यांची पानं मिसळली असतील तर गठ्ठा तसाच परत येतो. २८ ऑक्टोबर २०२५ पासून कागदी अर्जांना चेक आणि मनी ऑर्डर चालत नाही. फी क्रेडिट किंवा डेबिट कार्डाने द्यायची तर जी-१४५०, बँक खात्यातून द्यायची तर जी-१६५० भरायचा. सही शाईची हवी, टाईप केलेलं नाव सही धरत नाहीत.

आय-४८५ मधल्या प्रश्नांपैकी दोन ठिकाणी लोक घसरतात: व्हिसाच्या अटींचा भंग केला का, आणि परवान्याशिवाय काम केलं का. खरं उत्तर हो असेल तर हो लिहायचं आणि शेवटच्या जादा माहितीच्या पानावर कधीपासून, कुठे, हे दोन ओळीत मांडायचं. नागरिकाच्या जोडीदाराला हा भंग माफ आहे. तो लपवण्यासाठी मारलेली खूण माफ नाही, ती खोटी माहिती ठरते आणि तिथून नवंच प्रकरण सुरू होतं. टुरिस्ट व्हिसावर उतरून लगेच लग्न झालं असेल तर येतानाचा हेतू काय होता हे विचारतील. त्याचंही उत्तर घडलं तसंच द्यावं.

आर्थिक हमी नागरिक जोडीदाराने द्यायची. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के हवं. २०२५ च्या तक्त्यात दोघांच्या कुटुंबाला वर्षाला २६,४३७ डॉलर. हा आकडा दरवर्षी बदलतो. कुटुंब मोजताना जोडीदार, त्याच्यावर अवलंबून असलेली मुलं आणि त्याने पूर्वी हमी घेतलेली माणसंही धरतात. सोबत ताज्या वर्षाचं कर विवरण, डब्ल्यू-२ (मालकाने दिलेलं वर्षाच्या पगाराचं पत्रक) आणि पगाराच्या पावत्या. उत्पन्न कमी पडलं तर सहहमीदार चालतो, पण तो अमेरिकेत राहणारा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकच हवा. डोंबिवलीचा फ्लॅट वडिलांच्या नावावर आहे, त्याचे कागद लावू का, असं बरेच जण विचारतात. वडिलांची मालमत्ता धरत नाहीत. अर्जदाराच्या स्वतःच्या नावावर असलेली आणि वर्षभरात विकून रोख करता येण्याजोगी मालमत्ता धरतात, तीही तुटीच्या तिप्पट असावी लागते. सहहमीदार होणाऱ्या नातेवाइकाला स्पष्ट सांगा की ही सही म्हणजे कायदेशीर बांधिलकी आहे आणि घटस्फोटानेही ती सुटत नाही.

वैद्यकीय तपासणी यूएससीआयएसने नेमलेल्या अमेरिकेतल्या डॉक्टरकडेच होते, त्याला तिथे 'सिव्हिल सर्जन' म्हणतात. २ डिसेंबर २०२४ पासून आय-६९३ अर्जासोबतच द्यावा लागतो, नंतर देऊ म्हटलं तर अर्ज परत येऊ शकतो. लहानपणी बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे टीबीची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येईल अशी भीती आपल्याकडे फार. हल्लीची चाचणी रक्ताची आहे, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. ती पॉझिटिव्ह आली तर छातीचा एक्स-रे काढतात. लसीकरणाचं कार्ड मुंबईच्या घरी असेल तर त्याचा फोटो मागवून घ्या, तितक्या लसी वाचतील. पाकीट डॉक्टर बंद करून देतात, ते फोडू नका. आत काय आहे हे बघायचं असेल तर वेगळी प्रत मागा.

लग्न खरं असल्याचा पुरावा हा याचिकेचा गाभा. दोघांच्या नावाचा भाडेकरार, एकत्र बँक खातं आणि त्यातले रोजचे व्यवहार, एकत्र भरलेला कर, विम्यात एकमेकांची नावं. नुसतं खातं उघडून शंभर डॉलर टाकून ठेवलेलं विवरणपत्र अधिकाऱ्याला काहीच सांगत नाही. वाणसामान, वीजबिल, भाडं त्याच खात्यातून जाताना दिसलं पाहिजे. मुदत उलटलेल्या माणसाच्या नावावर बरंच काही नसतं, भाडेकरारात नाव घालायलाही घरमालक कां-कूं करतो. अशा वेळी त्या पत्त्यावर आलेली पत्रं, आईवडिलांशी दोघांनी मिळून केलेल्या व्हिडिओ कॉलचे स्क्रीनशॉट, मुंबईहून नावाने आलेली दिवाळीच्या फराळाची कुरियर पावती, असं जगण्यातून आपसूक तयार झालेलं जे असेल ते लावा. फोटो दहा-पंधरा पुरेत, पण मागे तारीख, जागा आणि कोण कोण आहेत ते लिहा. चारशे फोटोंचा अल्बम कुणी उघडत नाही.

अर्ज टाकल्यानंतर

पोचपावती येते, मग ठशांसाठी बोलावणं. आय-४८५ प्रलंबित असेपर्यंत बेकायदा दिवसांची मोजणी थांबते, पण नवा दर्जा मिळालेला नसतो. हा फरक आता फार महत्त्वाचा झाला आहे. फेब्रुवारी २०२५ च्या धोरणानुसार, अर्ज फेटाळला गेला आणि माणूस दर्जाबाहेर असला तर त्याला हद्दपारीच्या कारवाईची नोटीस काढतात. त्याच वर्षाच्या अखेरीस मुदत उलटलेल्या जोडीदारांना मुलाखतीच्या ठिकाणीच ताब्यात घेतल्याचे प्रकारही घडले. म्हणून पूर्वी सरळ प्रकरणं जोडपी स्वतः करत, तसं आता करू नये. अर्ज स्वतः भरलात तरी पाठवण्याआधी परवानाधारक इमिग्रेशन वकिलाकडून तपासून घ्या आणि मुलाखतीला तो सोबत असेल असं बघा. मुंबईतला व्हिसा एजंट म्हणजे अमेरिकेतला वकील नव्हे, तिथल्या कायद्याने त्याला सल्ला द्यायचा अधिकार नाही.

कामाचा परवाना हातात येईपर्यंत काम नको. प्रवास परवाना मिळाला तर बाहेर जाता येतं का? २०१२ मध्ये इमिग्रेशन अपील मंडळाने निकाल दिला की अशा परवान्यावर बाहेर जाणं हे बंदी लावणारं 'जाणं' नाही. तरी परतताना आत घेणं अधिकाऱ्याच्या हाती असतं, आणि आपण बाहेर असताना मूळ अर्ज फेटाळला गेला तर परतीचा रस्ताच राहत नाही. आयुष्यात पुन्हा न येणारं कारण असेल तरच, आणि वकिलाला विचारूनच याचा विचार करा.

जादा पुरावा मागणारं पत्र आलं तर त्यावर छापलेल्या तारखेच्या आत उत्तर पोचलं पाहिजे, आणि सगळे कागद एकदमच. अर्धे आता, अर्धे नंतर असं चालत नाही. जन्मदाखल्याबद्दल असं पत्र आलं तर मुंबईतली धावपळ या मुदतीत बसवणं अवघड जातं, म्हणूनच ते काम आधी. घर बदललं तर दहा दिवसांत एआर-११ भरा. मुलाखतीचं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं आणि हजर राहिला नाहीत, तर अर्ज सोडून दिला असं धरतात.

मुलाखतीला दोघांनी जायचं, मूळ कागद घेऊन. इंग्रजीत अडखळत असाल तर मराठी दुभाषी स्वतः आणता येतो, त्याने आणि तुम्ही जी-१२५६ वर सही करायची. जोडीदाराला दुभाषी करू नका. प्रश्न साधे असतात: भेट कुठे झाली, लग्नाला कोण आलं होतं, सकाळी आधी कोण उठतं, सासूबाईंचं नाव काय. पाठ करून जाऊ नका. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा.

जोडीदार सही करत नसेल तर

हे उघड बोललं जात नाही, आणि मुंबईतल्या आईवडिलांना तर शेवटी कळतं. नवरा नागरिक आहे, बायकोची मुदत उलटलेली आहे, आणि तो दरवेळी म्हणतो, "जास्त बोललीस तर सही करणार नाही, पोलिसांना कळवीन." अशा बाईला त्याच्या सहीची गरज नाही. मारहाण किंवा टोकाची क्रूरता सोसलेल्या जोडीदाराला, बाई असो की पुरुष, आय-३६० फॉर्मवर स्वतःची याचिका स्वतः करता येते. तिला फी नाही, नवऱ्याला त्याची माहिती दिली जात नाही, आणि छळामुळे घटस्फोट झाला असला तरी त्यापासून दोन वर्षांच्या आत करता येते. लग्न खरं होतं, एकत्र राहिलो, छळ झाला आणि आपलं वर्तन चांगलं आहे, हे दाखवायचं असतं. आईला पाठवलेले व्हॉट्सॲप मेसेज, डॉक्टरचे कागद, शेजाऱ्याचं प्रतिज्ञापत्र, सगळं धरतात. घरच्यांनी तिचे मेसेज पुसू नयेत, जपून ठेवावेत. नागरिक जोडीदाराचं निधन झालं असेल तरीही हाच फॉर्म, निधनापासून दोन वर्षांच्या आत.

कार्डावरची तारीख

मंजुरीच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर कार्ड दोन वर्षांचंच मिळतं. ते संपण्याच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१, म्हणजे कार्डावरची दोन वर्षांची अट काढण्याचा अर्ज, भरायचा, फी ७५० डॉलर. आठवण करून देणारं पत्र येईलच असं धरू नका. भरला की पोचपावती जुन्या कार्डाची मुदत ४८ महिने वाढवते. मुदतीत भरला नाही तर दर्जा संपतो आणि कारवाईची नोटीस येऊ शकते. तेव्हाही उशिराचं सबळ कारण लेखी देऊन, आजारपणाचे किंवा जे असतील ते कागद जोडून अर्ज करता येतो. मधल्या काळात घटस्फोट झाला असेल तर दोघांनी मिळून भरण्याच्या अटीतून एकट्याने सूट मागायची, आणि त्या सुटीला ९० दिवसांची चौकट लागू नाही.